लांगेच्या द्राक्षटेकड्यांत तीन रात्री: मुक्काम आल्बात करावा, ला मोर्रात की नेइवेत?

बारोलो आणि बार्बारेस्को या दोन नावाजलेल्या वाइन जिथे तयार होतात तो लांगे हा टापू इटलीच्या वायव्येला, पिएमोंतेमध्ये आहे. शेजारच्या रोएरो आणि मोनफेर्रातोसह इथल्या द्राक्षमळ्यांना 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. नकाशावर हा टापू अगदी आटोपशीर दिसतो. आल्बा शहरापासून बारोलो गाव साधारण 15 किलोमीटरवर आहे, बार्बारेस्को 10 आणि ट्यूरिन 60. त्यामुळे कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो, असं वाटणं साहजिक आहे.

फरक पडतो, आणि तो रात्री पडतो. दिवसा गाडी, बस, टॅक्सी, सायकल असं काहीतरी जमून जातं. पण रात्री दहाला जेवण उरकल्यावर, पोटात दोन ग्लास वाइन असताना, खोलीवर परत कसं यायचं? हे आधी ठरवा, म्हणजे गाव आपोआप ठरेल.

आल्बा: गाडी नसेल तर दुसरा विचार नको

या टापूत खऱ्या अर्थाने शहर म्हणावं असं आल्बा हे एकच ठिकाण आहे. ट्यूरिनच्या पोर्ता सुझा स्थानकावरून ब्रा या गावामार्गे लोकल गाडी साधारण सव्वा तासात आल्बाला पोचते. स्टेशनपासून पियात्सा साव्होना पाच-सात मिनिटांवर आहे आणि तिथून सुरू होणारी व्हिया मायेस्त्रा ही पायी फिरण्याची मुख्य पेठ थेट कॅथेड्रलपर्यंत जाते. चाकाची बॅग ओढत हे सगळं पायी होतं. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट तपासनीस ग्राह्य धरत नाही आणि दंड जागेवर भरावा लागतो.

आल्बाचा मोठा फायदा संध्याकाळी कळतो. पंधरा-वीस मिनिटांच्या परिघात इतकी जेवणाची ठिकाणं आहेत की एक बंद निघालं तर दुसरं सापडतं. खेड्यात हे होत नाही. तिथली रेस्तराँ मंगळवारी किंवा बुधवारी बंद असतात, कधी दोन्ही दिवस, आणि गावात मुळात तीन-चारच असतात. औषधाचं दुकान, सुपरमार्केट, शनिवारचा मोठा आठवडी बाजार, सायकल भाड्याने देणारे, हे सगळं आल्बात आहे.

उणी बाजू अशी की खिडकीतून द्राक्षमळे दिसत नाहीत. फेर्रेरो कंपनीचं हे मूळ गाव, तिचा कारखाना शहरालगतच आहे, आणि शहराबाहेर पडेपर्यंत आजूबाजूला कुठल्याही कामाच्या शहरासारखी गोदामं आणि रहदारी लागते. पहाटे उठून धुक्यातून वर येणाऱ्या टेकड्या पाहायच्या हे स्वप्न घेऊन येणार असाल, तर आल्बात निराशा होईल. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचा) मेळा असतो. त्या काळात शनिवार-रविवारची खोली काही महिने आधी धरावी लागते आणि भावही चढे असतात.

गाडी नसताना आल्बातून मळे पाहायचे कसे? बारोलो आणि ला मोर्राकडे बस जातात, पण फेऱ्या मोजक्याच. वेळापत्रक बहुतांशी शाळा-कामाच्या दिवसांवर बेतलेलं असतं आणि रविवारी जवळजवळ काहीच नसतं. त्यामुळे एक दिवस चालकासह गाडी ठरवा, चौघांत ती परवडते. दुसरा दिवस बार्बारेस्कोच्या बाजूला इलेक्ट्रिक सायकलवर काढा. साधी सायकल घेऊ नका, चढ पाय मोडणारे आहेत.

ला मोर्रा: गाडी असेल आणि शांतता हवी असेल तर

ला मोर्रा सुमारे 500 मीटर उंचीवर, टेकडीच्या माथ्यावर वसलं आहे. गावाच्या वरच्या चौकातल्या सज्जावरून बारोलोचा जवळजवळ सगळा टापू एका नजरेत येतो: खाली उजवीकडे बारोलोचा किल्ला, समोर कास्तिल्योने फाल्लेत्तो गाव, त्यामागच्या धारेवर सेर्रालुंगाचा उंच, सरळसोट किल्ला. हे दृश्य सकाळी सात वाजता, दिवसाचे पर्यटक यायच्या आधी पाहायला मिळणं हेच इथे राहण्याचं खरं कारण आहे.

गावातून मळ्यांमधून बारोलोला जाणारी पायवाट उतरते. साधारण दीड तासाची चाल, आणि वाटेजवळ सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट यांनी 1999 साली भडक रंगांत रंगवलेलं ब्रुनाते मळ्यातलं छोटं प्रार्थनाघर लागतं. बारोलो 300 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे परतताना 200 मीटरचा चढ. आणखी एक गोष्ट: इथली जमीन निळसर-राखाडी चुनखडीयुक्त चिकणमातीची आहे. कोरडी असताना ती नखाने खरवडली तरी पीठ होते, पण पाऊस पडून गेला की बुटाच्या तळाला थरावर थर चढत जातात आणि अर्ध्या तासात प्रत्येक पाऊल जड होतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर ही चाल टाळा, किंवा डांबरी रस्त्याने जा.

याच मातीमुळे ला मोर्रा आणि बारोलोकडची वाइन तुलनेने मऊ, सुगंधी मानली जाते. पलीकडे सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेची जमीन अधिक घट्ट, वाळूखडकाच्या थरांची, आणि तिथली वाइन कडक, तुरट, वर्षानुवर्षं ठेवायची. तुमची आवड दुसऱ्या प्रकारची असेल तर मोनफोर्ते द'आल्बा हा मुक्कामही चांगला. तिथली जेवणाची ठिकाणं बारोलो गावापेक्षा सरस आहेत आणि जुन्या गावात उताराचा फायदा घेऊन बांधलेलं खुलं प्रेक्षागृह आहे. गल्ल्या मात्र फार चढाच्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर गाडी दारापर्यंत येते का, हे आरक्षण करतानाच विचारा.

खुद्द बारोलो गावात राहण्याचा आग्रह बरेच जण धरतात, केवळ नावासाठी. किल्ला, त्यातलं वाइनचं संग्रहालय आणि सामायिक टेस्टिंगचं तळघर यांसाठी अर्धा दिवस द्या. मुक्कामासाठी गाव फारच छोटं आहे.

नेइवे: बार्बारेस्कोची बाजू

नेइवेचं जुनं गाव टेकडीवर, दगडी गल्ल्यांचं, आणि बारोलोच्या बाजूपेक्षा गर्दी बरीच कमी. बार्बारेस्को गाव चार-पाच किलोमीटरवर. दोन्ही वाइन नेब्बिओलो याच द्राक्षाच्या. नियमाने बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात; बार्बारेस्को 26 महिने, त्यातले 9 लाकडात. बार्बारेस्कोचा टापू लहान आहे, त्यामुळे दोन दिवसांत तो नीट पाहून होतो. बारोलोबद्दल असं म्हणता येत नाही.

नेइवेच्या पंचक्रोशीत मोस्कातो या द्राक्षाची वाइनही होते. मोस्कातो द'आस्ती गोडसर, हलकी फसफसणारी आणि मद्यार्क 5 टक्क्यांच्या आसपास. सोबत कुणी फारसं पीत नसेल तर तिच्यासाठी किंवा त्याच्यासाठी हा भाग आनंदाचा ठरतो.

ट्यूरिनचा विचार फक्त एका परिस्थितीत करा: मळ्यांसाठी एकच दिवस काढायचा असेल तेव्हा. रोज जाऊन-येऊन अडीच-तीन तास प्रवासात घालवणं तीन रात्रींच्या सहलीत परवडत नाही.

गाडी घेणार असाल तर

इटलीत रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. एका टेस्टिंगमध्ये पाच वाइन, प्रत्येकी 40 मिलीलिटर धरल्या तर 200 मिलीलिटर होतात. 14 टक्क्यांच्या हिशेबाने त्यात 28 मिलीलिटर, म्हणजे 22 ग्रॅम शुद्ध मद्यार्क. 65 किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात तेवढ्यानेच आकडा 0.5 च्या आसपास जाऊ शकतो, आणि 55 किलोच्या स्त्रीच्या बाबतीत त्याच्या बराच वर. म्हणून चालवणाऱ्याने प्रत्येक घोट थुंकायचा. टेबलावर त्यासाठी भांडं असतंच, त्यात कुणालाही वावगं वाटत नाही. जमणार नसेल तर त्या दिवशी चालक घ्या.

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्यापूर्वी आरटीओतून काढून ठेवा. भाड्याच्या बहुतेक गाड्या गिअरच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट आरक्षण करा. जुन्या गावभागात 'झेड टी एल' (ZTL, म्हणजे फक्त परवानगी असलेल्या गाड्यांचा भाग) अशी पाटी दिसली की आत शिरू नका: कॅमेरा नंबर टिपतो, दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि गाडी देणारी कंपनी वर स्वतःचं शुल्क लावते. हॉटेल आत असेल तर त्यांना आधी गाडीचा नंबर कळवून परवानगी नोंदवून घ्या. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैसे देऊन, पिवळ्या राखीव. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री धुकं इतकं दाटतं की वळणावळणाच्या अनोळखी रस्त्यावर दहा किलोमीटरही नकोसे होतात. त्या हंगामात खेड्यात राहात असाल तर जेवणही त्याच गावात घ्या.

वेळ आणि जेवण

नाशिकला गंगापूर धरणाकडे गेलं की ऐनवेळी टेस्टिंगला बसता येतं. इथे तसं धरून चालू नका. बहुतेक वायनरी घरगुती आहेत, दाखवणारी व्यक्तीच अनेकदा मळ्यातही काम करते. दोन-तीन आठवडे आधी मेल करून वेळ घ्यावी लागते. रविवारी बरीच ठिकाणं बंद. दिवसाला दोनच ठेवा, एक सकाळी दहाला, एक दुपारी तीनला, कारण दुपारचं जेवण साडेबारा ते अडीचमध्येच मिळतं. नेब्बिओलोची तोडणी साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. मळे तेव्हा सर्वांत सुंदर दिसतात, पण लहान वायनरींना पाहुण्यांसाठी सवड नसते. पहिल्या भेटीसाठी मे-जून उत्तम. गुरुवारी पोचून रविवारी निघालात तर शुक्रवार-शनिवार दोन्ही कामाचे दिवस हाती लागतात.

शाकाहाऱ्यांनी नीट विचारून घ्यावं. आन्योलोत्ती देल प्लिन या भरलेल्या पास्त्यात मांसाचं सारण असतं, बान्या काउदा या गरम सॉसमध्ये अँकोव्ही मासे, पान्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थात बहुधा जिलेटिन (प्राणिज). ताजारीन या बारीक शेवयांच्या पास्त्यात अंड्यांचे बलक भरपूर. अंडं चालत असेल तर लोणी आणि सेजच्या पानांतला ताजारीन, चीजचं फोंदुता आणि हेझलनटचा केक यांवर छान निभावतं. अंडंही चालत नसेल, किंवा जैन जेवण हवं असेल, तर आल्बातच स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. खेड्यात पर्याय संपतात.

बाटल्या आणताना: भारतात प्रौढ प्रवाशामागे 2 लिटर मद्य शुल्कमुक्त आहे. त्यात 750 मिलीलिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीवर शुल्क भरावं लागतं. दोन्ही कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा, हातातल्या सामानात त्या सुरक्षा तपासणीतच काढून घेतल्या जातील.