पॉलिपचा चार्ट: ओटी नोटवर कोड लावायचा की पॅथॉलॉजीसाठी थांबायचं?

मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी निदानाला आणि प्रक्रियेला ठरलेले कोड लावण्याच्या कामात, गायनॅकचे (स्त्रीरोग विभागाचे) डे-सर्जरीचे चार्ट हातात आले की हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतो. हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशयाची आतली तपासणी) झाली, पॉलिप (अस्तरावरची मऊ वाढ) काढला, ओटी नोटमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदीत, पोस्ट-ऑप डायग्नोसिसच्या रकान्यात ‘एंडोमेट्रियल पॉलिप’ लिहिलंय आणि तुकडा पॅथॉलॉजीला गेलाय. आता एन८४.० (गर्भाशयाच्या आतला पॉलिप) लावून चार्ट मोकळा करायचा, की रिपोर्ट येईपर्यंत होल्डवर टाकायचा? मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय, तेही अमेरिकन चार्टवर, म्हणजे आयसीडी-१०-सीएमवर (निदानांच्या कोडांच्या यादीची अमेरिकन आवृत्ती). इथल्या रुग्णालयांच्या रेकॉर्ड विभागात जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आवृत्ती वापरणाऱ्यांना एन८४ ओळखीचाच वाटेल. त्यांची गाडी अडते ती पुढे, एन८५मध्ये.

लगेच कोड लावणं चुकीचं आहे, असा एक समज नव्या मुलामुलींमध्ये दिसतो. तसं नाही. डॉक्टरांनी स्वतः पाहून, ‘प्रोबेबल’ वगैरे न जोडता निदान लिहिलं असेल, तर त्या दिवशी तेच निदान खरं. पॅथॉलॉजीशिवाय पॉलिप म्हणायचं नाही, असा नियम नाही. अडचण फक्त संशयाच्या शब्दांची. सोनोग्राफीत ‘पॉलिप असावा’ एवढंच असेल, तर आउटपेशंटमध्ये एन८४.० लावता येत नाही. बाई ज्या तक्रारीसाठी आली ती कोड करायची. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव असेल तर एन९५.०. हे दोन्ही पद्धतींना सारखंच लागू, त्यामुळे तिथे निवड करायचा प्रश्नच येत नाही.

लगेच कोड करण्याचा मोठा फायदा म्हणजे डोक्यावरचं ओझं कमी होतं. टीएटी (चार्ट पूर्ण करायची मुदत) ४८ तासांचा असेल आणि होल्डच्या यादीत साठ चार्ट लोंबकळत असतील, तर रोज सकाळी टीएलला (टीम लीडला) हिशोब देण्यातच अर्धा तास जातो. शिवाय सीपीटी (केलेल्या प्रक्रियेचा कोड) बहुतेक वेळा बदलत नाही: पॉलिप निघो वा हायपरप्लेझिया (अस्तराची जादा वाढ), ५८५५८ तोच राहतो. गर्भाशयमुखावरचा छोटा पॉलिप ओपीडीतच पिरगळून काढला असेल, तर मीही फार वाट पाहत नाही. एन८४.१ लावतो आणि पुढे जातो. माझ्या पाहण्यात असे चार्ट क्वचितच परत आले.

पण गर्भाशयाच्या आतल्या पॉलिपचं तसं नाही. एन८४च्या खालच्या एक्सक्लूड्सच्या ओळी (या कोडात काय बसत नाही ते सांगणाऱ्या) एकदा नीट वाचा. ‘अ‍ॅडेनोमॅटस’ हा एक शब्द रिपोर्टमध्ये आला की चार्ट एन८४मधून उठून डी२८मध्ये (कॅन्सर नसलेल्या गाठींच्या गटात) जातो. पॉलिपसारखी दिसणारी हायपरप्लेझिया एन८५.०मध्ये, आणि सीएममध्ये तिथे पाचवं अक्षर लागतं: अटिपिया (पेशींमधला असामान्य बदल) नसेल तर एन८५.०१, असेल तर एन८५.०२. मूळ आवृत्तीवर हात बसलेल्यांची हीच जागा सुटते. प्रसूतीनंतर राहिलेला वारेचा अंश ‘प्लॅसेंटल पॉलिप’ म्हणून आला तर तो थेट ओ९०.८९. आणि कॅमेऱ्यात पॉलिप वाटलेली गाठ सबम्युकस फायब्रॉइड (अस्तराखालची स्नायूची गाठ) निघाली तर डी२५.०. यातलं काहीही ओटी टेबलावर नक्की ठरत नाही.

जागेचाही घोळ होतो. मला आठवतो तो चार्ट: नोटच्या शीर्षकात ‘सर्व्हायकल पॉलिप’, कारण तपासणीत तो गर्भाशयमुखातून बाहेर डोकावताना दिसला होता. प्री-ऑपची ओळ तशीच खाली पोस्ट-ऑपमध्ये उतरवलेली. नोटच्या तिसऱ्या परिच्छेदात मात्र साफ लिहिलं होतं की देठ फंडसपाशी, म्हणजे गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी आहे. पॅथॉलॉजीनेही एंडोमेट्रियल पॉलिपच सांगितला. म्हणजे एन८४.०. नुसतं शीर्षक वाचून कोड केला असता तर एन८४.१ गेला असता, आणि बाहेरून कुणालाही तो बरोबरच वाटला असता.

तरीही एवढ्यावरून मी बाजू बदलली नसती. मला वळवलं ते दुरुस्तीच्या क्लेमने. एका चार्टवर मी एन८४.० लावून दिला होता, त्या दिवशी तो बरोबरही होता. पाच दिवसांनी रिपोर्ट आला: पॉलिपमध्येच अटिपिया असलेली हायपरप्लेझिया. एन८५.०२. आता चार्ट माझ्या रांगेत नव्हता. तो उघडायला बिलिंगची परवानगी, मग फ्रीक्वेन्सी कोड ७ (आधीचा क्लेम बदलत असल्याची खूण) टाकून करेक्टेड क्लेम, त्यासाठी मूळ क्लेमचा नंबर शोधणं, मग क्यूएला (कामाची गुणवत्ता तपासणाऱ्यांना) स्पष्टीकरण. हे सगळं मी सहन केलं असतं. पण तोपर्यंत त्या बाईंच्या डॉक्टरांनी गर्भाशय काढण्यासाठी विमा कंपनीकडे मंजुरी मागितली होती आणि कंपनीने आणखी कागदपत्रं मागत ती विनंती परत पाठवली. कंपनीच्या नोंदीत तेव्हा साधा पॉलिपच दिसत होता. मंजुरी फक्त त्यामुळे लांबली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. इतरही कारणं असू शकतील. पण कॅन्सरच्या आधीची अवस्था असलेली बाई तारखेची वाट पाहत बसलेली आणि तिच्या नावावर आपण लावलेला साधा पॉलिप, हे मला आजही विसरता येत नाही.

तेव्हापासून गर्भाशयाच्या आतला तुकडा पॅथॉलॉजीला गेला असेल तर मी थांबतो. माझ्याकडे बहुतेक रिपोर्ट आठवड्याच्या आत येतात. मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) क्लेमसाठी सेवेच्या तारखेपासून १२ महिने देते. घाई असते ती आपल्या टार्गेटची. आउटपेशंटमध्ये पॅथॉलॉजिस्टच्या रिपोर्टवरून थेट कोड करता येतो, हे थांबण्याच्या बाजूने मोठं बळ आहे. इनपेशंट चार्टवर मात्र नुसता रिपोर्ट पुरत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते निदान नोंदवायला हवं. तिथे क्वेरी (डॉक्टरांना लेखी विचारणा) टाकावी लागते आणि थांबणं बरंच महाग पडतं. तुमचं काम मुख्यतः इनपेशंटचं असेल तर माझं म्हणणं जरा सावधपणे घ्या.

थांबायचं ठरवलंत तर एक चूक टाळा. रिपोर्ट यायचाय म्हणून काही जण तात्पुरता डी३९.० लावतात. तो कोड पॅथॉलॉजिस्टने तपासूनही गाठीचं वागणं ठरवता आलं नाही, अशा वेळचा आहे. आपल्या वाट पाहण्यासाठी नव्हे. माझ्या होल्डच्या यादीत मी ऑपरेशनची तारीख आणि लॅबचा स्पेसिमेन नंबर असे दोनच रकाने ठेवतो. दहाव्या दिवशीही रिपोर्ट आला नाही तर लॅबला विचारतो, आणि तरीही हाती काही आलं नाही तर नोटमधल्या निदानावर एन८४.० लावून खाली शेरा टाकतो: पॅथॉलॉजी प्रलंबित.