हिरोशिमाचं शांती स्मारक संग्रहालय: अर्धा दिवस हाताशी ठेवूनच जा

मी धुळ्याचा. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलगी-जावई ओसाकाला असतात, म्हणून मार्चमध्ये महिनाभर तिकडे होतो. मुलगी म्हणाली, "आबा, आधी क्योटोची देवळं बघू." मी म्हटलं, देवळं नंतर, आधी हिरोशिमा. ओसाकाहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीडेक तास लागतो. पुढे ट्राम. बॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, या गावातली ट्राम थोड्या अंतरापुरती का होईना पुन्हा धावली होती, हे बसल्या बसल्या मुलीने सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

तिकीट मोठ्यांना २०० येन. पासष्टीच्या पुढच्यांना १००, मात्र वयाचा पुरावा लागतो, पासपोर्ट जवळ ठेवा. नातू नऊ वर्षांचा, त्याला फुकट. एवढ्या पैशांत ओसाकात धड चहाही मिळत नाही. गर्दी मात्र खूप असते. सकाळी साडेसातला आधी ऑनलाइन नोंदणी केलेल्यांना आत सोडतात. आम्ही तशी नोंदणी केली होती आणि त्याचा फार उपयोग झाला. नऊनंतर शाळांच्या सहली येतात, मग काचेजवळ उभं राहायलाही जागा मिळत नाही.

पूर्वेकडच्या इमारतीत सुरुवातीला शहराचा मोठा पांढरा नकाशा आहे. त्यावर वरून प्रकाश टाकून ६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ दाखवतात. सव्वाआठला जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर स्फोट होतो आणि गाव नाहीसं होतं. बॉम्बमधल्या युरेनियमपैकी एक किलोही विखंडित झालं नव्हतं. हा आकडा मी मुलांना दरवर्षी सांगायचो, वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर कसं होतं ते समजावायला. फळ्यावर समीकरण लिहायचं, बाजूला चौकट करायची, पुढचा धडा घ्यायचा.

मुख्य इमारतीत मात्र आकडे फार नाहीत. तिथे वस्तू आहेत. २०१९ मध्ये मांडणी नव्याने केली तेव्हा ठरवूनच तसं केलंय, आणि माझ्या मते ते अगदी योग्य आहे. अंधारं दालन, एकेका वस्तूवर मंद दिवा, खाली दोन-चार ओळी. फाटलेले गणवेश. आठ-पंधराला थांबलेलं घड्याळ. बँकेच्या दगडी पायऱ्या, आणि त्यावर उघडण्याची वाट बघत बसलेल्या माणसाची काळी सावली. चार वर्षंही पुरी न झालेल्या एका मुलाची तीनचाकी सायकल. बापाने ती मुलाबरोबरच घरामागे पुरली होती, चाळीस वर्षांनी उकरून संग्रहालयाला दिली.

मी थांबलो तो डब्यापाशी. पत्र्याचा, आपल्याकडे मुलं पूर्वी न्यायची तसला चपटा डबा. झाकण चेपलेलं. आतलं सगळं अन्न जळून कोळसा झालेलं, पण दाण्यांचा पोत अजून कळतो. हा माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातल्या मुलाचा. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरातली घरं पाडून मोकळे पट्टे करत होते आणि त्या कामाला शाळकरी मुलं लावली होती. त्या सकाळी अशी सुमारे ८,००० मुलं उघड्यावर होती, त्यातली ६,००० च्या वर गेली. या मुलाच्या आईला त्याचं प्रेत सापडलं तेव्हा डबा पोटाशी धरलेला होता. चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखं काही उरलं नव्हतं, डब्यावरून पटली. मी आयुष्यभर याच वयाच्या मुलांचे डबे बघितलेत. मधल्या सुट्टीआधीच तासाला चोरून उघडणारी मुलं मला आठवली.

लहान मुलांना न्यावं का, असं बरेच जण विचारतात. आम्ही नातवाला जळालेल्या माणसांच्या फोटोंपाशी थांबू दिलं नाही, मुलगी त्याला घेऊन पुढे गेली. दहा वर्षांखालच्यांना बाहेरची बागच दाखवावी असं आता वाटतं. तिथे सादाको सासाकीच्या आठवणीत १९५८ साली उभारलेलं मुलांचं स्मारक आहे. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. बरं वाटावं म्हणून कागदाचे बगळे करत राहिली. भोवतीच्या काचेच्या पेट्यांत जगभरातून आलेल्या बगळ्यांच्या माळा आहेत. नातवाने तिथे पाऊण तास काढला.

निघण्याआधी पूर्वेकडच्या इमारतीतलं शांतीचं घड्याळ चुकवू नका. वरच्या आकड्यात बॉम्ब पडल्यापासूनचे दिवस, खालच्यात जगातल्या शेवटच्या अणुचाचणीपासूनचे. चाचणी झाली की खालचा आकडा पुन्हा शून्यावर येतो. कुठल्याही देशाने चाचणी केली की हिरोशिमाचे महापौर त्या देशाला निषेधाचं पत्र पाठवतात, १९६८ पासूनचा हा पायंडा आहे. मे १९९८ मध्ये ते भारतालाही आलं. त्या मे महिन्यात सुट्टी असूनही आम्ही शिक्षकांनी चौकात पेढे वाटले होते, पुढाकार माझाच होता. हे नातवाला मी तिथेच सांगितलं. त्याने विचारलं, "मग घड्याळ शून्यावर आलं असेल ना, आबा?" हे घड्याळ २००१ साली बसवलंय, म्हणून आलं नसेल. पण त्याला मी "हो" म्हणालो.

बाहेर कमानीसारख्या स्मारकासमोर उभं राहिलं की कमानीतून ज्योत आणि तिच्यामागे बॉम्बनंतर अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतीच्या घुमटाचा सांगाडा एका रेषेत दिसतात. ज्योत १९६४ पासून तेवते आहे, शेवटचं अण्वस्त्र जाईपर्यंत ठेवणार म्हणतात. कमानीखालच्या दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत, दरवर्षी त्यांत भर पडते. बागेत कोरियन मृतांचंही स्मारक आहे. १९७० साली ते बागेबाहेर उभारलं होतं, आत यायला १९९९ उजाडलं.

नदीकाठी गांधीजींचा अर्धपुतळा आहे, २०२३ मध्ये बसवलेला. शिल्पकार राम सुतार, आमच्या धुळ्याजवळच्या गोंदूरचे. मी चपला काढून नमस्कार केला.

परतताना स्टेशनवर आपल्याकडची काही मंडळी भेटली. त्यांच्या टूरवाल्याने या सगळ्याला मिळून पाऊण तास दिला होता, संग्रहालय बाहेरूनच. त्यातल्या एका बाई फार हळहळल्या. टूर ठरवताना हे आधीच विचारून घ्या.

६ ऑगस्टला तिथे सव्वाआठला घंटा वाजते आणि मिनिटभर सगळे स्तब्ध राहतात. धुळ्यात तेव्हा पहाटेचे पावणेपाच. घरातल्या घड्याळाला मी गजर लावून ठेवलाय.