ईचार्ट्सचा गेज: आठ महिने रोज वापरल्यावर

आमच्या भागातल्या एका दूध संकलन केंद्रात बल्क कूलरचं, म्हणजे दूध गार ठेवणाऱ्या मोठ्या टाकीचं, तापमान दाखवायला मी अपाचे ईचार्ट्सचा गेज लावला, त्याला आठ महिने झाले. ईचार्ट्स ही वेबपानावर आलेख काढायची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आणि गेज म्हणजे त्यातली काटा असलेली तबकडी. दूध ४ अंशांच्या आसपास राहायला हवं, आणि कॅन ओतणाऱ्या माणसाला ते लांबूनच कळायला हवं. त्यासाठी नुसत्या आकड्यापेक्षा काटा केव्हाही बरा.

बदलायला भरपूर वाव आहे. काटा जिच्यावर फिरतो ती कमान मुळात २२५ पासून उणे ४५ अंशांपर्यंत येते. १८० ते ० केली की अर्धवर्तुळ. काट्याचा आकार, रेघा, मधला मजकूर, सगळं आपल्या हातात. मी आकड्याखाली ‘गार’ किंवा ‘तापलं’ असं लिहून येईल अशी सोय केली, कारण लाल-हिरवा फरक सगळ्यांनाच दिसतो असं नाही.

रंगांचे पट्टे मात्र नीट समजून घ्या. तिथे तापमान नाही, ० ते १ मधला अपूर्णांक द्यायचा असतो. मी आधी सरळ ६ लिहिलं, तर अख्खी कमान हिरवी. ते लगेच लक्षात आलं. मग ० ते ४० च्या मापावर हिरवा ०.१५ पर्यंत, म्हणजे ६ अंशांपर्यंत ठेवला. काटा सारखा एका कोपऱ्यातच राहतो म्हणून कमाल माप २० केलं, आणि तोच ०.१५ आता ३ अंशांवर आला! सकाळी केंद्रातून फोन: “दादा, दूध गार हाय, पण काटा लालवर हाय.” तेव्हापासून अपूर्णांक हाताने लिहीत नाही. मर्यादेतून किमान वजा करून मापाच्या एकूण पल्ल्याने भागतो.

त्याहून गंभीर गोष्ट वायर तुटली तेव्हा कळली. तापमान मोजणाऱ्या डीएस१८बी२० सेन्सरचा संपर्क गेला की तो वाचणारी आमची लायब्ररी उणे १२७ देते. काटा मापाबाहेर जात नाही, तो ० वर टेकतो. म्हणजे हिरव्यात! दूध तापत असलं तरी लांबून सगळं आलबेल दिसणार. आता असा आकडा आला की काटाच लपवतो, कमान राखाडी करतो आणि ‘सेन्सर बंद’ लिहितो. गेज लावणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी करावं.

बाकी किरकोळ: लपलेल्या टॅबमध्ये गेज बनवला तर त्याला रुंदी मिळत नाही, टॅब उघडल्यावर रीसाइझ करावं लागतं. पूर्ण ईचार्ट्स न घेता गेजपुरताच भाग घ्या, मोबाइलवर पान लवकर उघडतं.

गेल्या महिन्यात दुसरा कूलर आला. एकाच गेजवर दोन काटे चालतात, पण कुठला कुणाचा हे बघायला थांबावं लागत होतं, म्हणून शेजारी वेगळा गेज लावला.