जीमेलचा स्पॅम कप्पा: आईसोबत एकदा उघडून पाहावा असा

जीमेलची स्पॅम चाळणी, म्हणजे नकोशी आणि फसवी पत्रे वेगळ्या कप्प्यात टाकणारी सोय, मी अनेक वर्षे वापरतो आहे आणि तिच्यावर माझा भरवसा आहे. परवा आईला शेजारी बसवून तो कप्पा उघडला, तेव्हा ‘प्रिय ग्राहक, २४ तासांत केवायसी न केल्यास खाते बंद होईल’ असे बजावणाऱ्या पत्रात पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारताच बँकेऐवजी भलताच पत्ता उघडा पडला आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो. नायजेरियाच्या दंडसंहितेतील ४१९ व्या कलमावरून ओळखली जाणारी, मोठा वारसा मिळवून देण्याचे आमिष दाखवून पैसे उकळणारी थापही तिथे होतीच. आईने दुवा न उघडता, ओटीपी न देता पत्र पुसले, याचा मला फार आनंद झाला. या कप्प्यातील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात, त्यामुळे कामाचे पत्र तिथे अडकले नाही ना, हे अधूनमधून तपासावे. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.