डिजिटल पेपर: वाचायला छान, बंद करायला छळ

वाचनाबद्दल तक्रार नाही. जुने अंक शोधता येतात, अक्षर मोठं होतं, रद्दी साठत नाही. पण वर्गणी बंद करायला गेलो आणि डोकं फिरलं.

घेताना कार्डाचा नंबर आणि एक ओटीपी, की झालं काम. बंद करायचं बटण मात्र खात्याच्या पानावर नाहीच! मदत विभागात शोधत गेल्यावर एक ओळ सापडली: चॅटवर संपर्क साधा, तोही कार्यालयीन वेळेत. तिथल्या माणसानं कारण विचारलं, मग निम्म्या दरात चालू ठेवा म्हणाला, मग दर आणखी उतरवला. एवढ्या कमी दरात देणं परवडत होतं, तर इतके महिने मुकाट्यानं पूर्ण पैसे भरणाऱ्याला तो दर का नाही दिला? राग त्याचाच आला. जो सोडून जातो त्याला सवलत, जो टिकून राहतो त्याला पूर्ण दर.

पेपरवाल्याला "उद्यापासून टाकू नका" म्हटलं की विषय संपायचा. टाकलेल्या अंकांपुरतं बिल द्यायचं.

तरी इथं मत थोडं बदलतो. कागदी पेपरच्या वार्षिक योजनेत पैसे आगाऊ भरले, की पेपरवाला कंपनीकडे बोट दाखवायचा, कंपनी एजंटकडे, आणि अंक दारात पडत राहायचा. आधी पैसे देऊन बसलं की सुटका तिथंही अवघडच होती.

बटण देणं अशक्य आहे, हे मला कुणी सांगू नये. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर रद्द करायचं बटण कायद्यानं सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियात २०१८ पासून ऑनलाइन घेतलेली वर्गणी ऑनलाइनच बंद करता यावी लागते. भारतातही नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्गणी रद्द करणं मुद्दाम किचकट करणं, तो पर्याय लपवून ठेवणं ही ग्राहकाची फसवणूकच आहे.

ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, पैसे कापले जातात. भारतात कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते, ती वाचत जा. पैसे कापायला बँकेला दिलेला आदेश त्या सूचनेतूनही रद्द करता येतो. रद्द झाल्याचा ईमेल मागून घ्या, मला तो मागितल्यावरच मिळाला. पुढं कधी वर्गणी घेतलीच तर ॲप स्टोअरमधूनच घेईन. तिथं बंद करायला कुणाची मनधरणी करावी लागत नाही.