तरंगती लाइन की बुडती?
मोठ्या तलावावर बास आणि ट्राउट हे दोन्ही मासे हवेत आणि पैसे एकाच फ्लाय लाइनपुरते (माशीसारखं हलकं आमिष जिच्या वजनाने फेकलं जातं ती गळाची दोरी). मग कोणती घ्यावी?

आधी खोली बघा, निम्मं तिथेच ठरतं. ट्राउटला थंड पाणी मानवतं, साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खाली जातो आणि तरंगती लाइन वरच राहते. सेकंदाला १५ सेंटिमीटर बुडणारी लाइन असेल तर फेकून ४० सेकंद मोजायचे, म्हणजे सुमारे ६ मीटर. मासा लागला तो आकडा लक्षात ठेवायचा.

बासचा ओढा काठच्या पाणवनस्पतींकडे, बुडालेल्या ओंडक्यांकडे. तिथे तरंगत्या लाइनवर पॉपर (पाण्यावर तरंगणारं, झटक्याने आवाज करणारं आमिष) टाकावा, वलयं विरेपर्यंत हात आवरावा (हेच जमत नाही!), मग एक छोटा झटका.

मेहनत? तरंगती अलगद उचलून पुन्हा फेकता येते. बुडती जवळजवळ सगळी ओढून घ्यावी लागते. संध्याकाळी खांदा बोलतो. वाऱ्यात मात्र बारीक असल्याने बुडतीच बरी. टिकण्यात फारसा फरक नाही, दोन्ही पुसून ठेवा.

नवशिक्यांनी, काठावरून किंवा बाससाठी जाणाऱ्यांनी तरंगतीच घ्यावी. होडी आहे आणि भर उन्हाळ्यात ट्राउटच हवा, तर बुडती.