नवीन लॅपटॉप: वेगाला तोड नाही, पण स्क्रीन आणि आवाजाने जीव खाल्ला

वेग, कीबोर्ड, बॅटरी सगळं मस्त आहे, त्यावर फार लिहीत नाही कारण ते कुठल्याही रिव्ह्यूत मिळेल. मला लिहायचंय ते स्क्रीन आणि आवाजाबद्दल, कारण या दोन गोष्टी दुकानात उजेडात आणि गोंगाटात कळतच नाहीत, घरी रात्री शांततेत कळतात. कंपनीचं नाव देत नाही, असा पीस कुठल्याही ब्रँडचा निघू शकतो.

आधी स्क्रीन. अंधारात पूर्ण काळं चित्र लावलं की खाली डाव्या कोपऱ्यात पिवळट उजेडाचा पट्टा दिसायचा. आता इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आयपीएस पॅनेलला (लॅपटॉपच्या स्क्रीनचा एक प्रकार) कोपऱ्यात थोडी चमक असतेच, तो त्या तंत्राचाच गुण आहे, डोकं इकडेतिकडे हलवलं किंवा जरा मागे सरकलं की ती चमक पण सरकते, कमी होते. पण बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनच्या मागचा दिवा, फ्रेमच्या कडेने झिरपत असेल तर तुम्ही कुठूनही बघा, डाग जागचा हलत नाही. माझा हलत नव्हता, म्हणजे सरळ सरळ बॅकलाइट ब्लीड, पॅनेल नीट बसलेलं नाही किंवा कुठेतरी दाब पडतोय.

त्यात भर म्हणजे एक पिक्सेल (चित्र ज्यांनी बनतं त्यातला एक बारीक चौकोन) कायम हिरवा. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे एकेक रंग फुल स्क्रीन लावून बघा, लगेच सापडतो. काळ्यावरही रंगीत चमकला तर तो अडकलेला पिक्सेल, आणि कुठल्याच रंगावर पेटला नाही, काळाच राहिला तर मेलेला. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनला २० लाखांच्या वर पिक्सेल आणि प्रत्येकात लाल हिरवा निळा असे तीन भाग, म्हणजे ६२ लाखांच्या वर ठिपके, त्यामुळे एखादा खराब निघतो हे मान्य. आयएसओ ९२४१-३०७ या मानकात पिक्सेलच्या दोषांचे वर्गच पाडलेत, त्यातल्या शून्य वर्गात एकही दोष चालत नाही, पण कंपनी आपल्या लॅपटॉपला कुठला नियम लावते ते वॉरंटीच्या कागदात वाचावं लागतं. बोटाने दाबून पिक्सेल जागा करायचे उपाय लोक सांगतात, नव्या स्क्रीनवर ते अजिबात करू नका, दाबल्याचा डाग पडला तर वॉरंटीवर पाणी.

स्क्रीन फडफडत असेल तर मात्र लगेच पॅनेलला दोष देऊ नका. ग्राफिक्स ड्रायव्हरमधली पॉवर सेव्हिंगची सेटिंग बंद करून बघा, बाहेरचा मॉनिटर जोडून बघा, बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा स्क्रीन) जाऊन बघा. बायॉसमध्येही फडफड असेल तर विंडोजचा काही संबंध नाही. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ असेल तर संशय पॅनेल किंवा केबलवर, आणि झाकण हलवल्यावर रेघा येत-जात असतील तर बहुतेक केबलच.

आता आवाज, आणि खरा त्रास हाच. पंख्याचा आवाज वेगळा, तो लोड आला की वाढतो, हवेचा असतो, त्याची सवय होते. पंख्यातून टिकटिक किंवा खरखर आली तर बेअरिंग किंवा काहीतरी घासतंय, ती तक्रार करायचीच. पण माझ्या मशीनमधून पंखा बंद असतानाही बारीक चीं असा आवाज, पेज स्क्रोल केलं की सूर बदलायचा, चार्जर लावला की अजून वाढायचा. याला कॉइल व्हाइन म्हणतात. मदरबोर्डवर वीज पुरवणाऱ्या छोट्या कॉइल असतात, त्यातला करंट फार वेगाने कमी-जास्त होतो आणि चुंबकीय बलामुळे कॉइल थरथरतात, ही थरथर कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात आली की झाली शिट्टी सुरू. मशीन बिघडत नाही त्याने, पण शांत खोलीत दिवसभर काम करणाऱ्याचं डोकं दुखतं आणि ते कमी लेखण्यासारखं नाही.

गेमच्या मेन्यूत फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची तो आकडा, मोकळा सुटलेला असतो तिथे आवाज सगळ्यात मोठा यायचा, फ्रेमवर मर्यादा घातली की बराच उतरायचा. प्रोसेसरच्या झोपेच्या स्थिती, म्हणजे सी-स्टेट, बंद केल्या की आवाज कमी होऊ शकतो पण बॅटरी जास्त खर्च होते आणि मशीन तापतं. आणि नवीन वस्तूसाठी पैसे मोजून आपणच तिची बॅटरी का कमी करायची?

सपोर्टवाल्यांनी आधी ड्रायव्हर अपडेट, मग रीसेट, नेहमीचं सगळं करायला लावलं. स्क्रीनचा फोटो पाठवल्यावर पटकन मान्य केलं. फोटो काढताना एक लक्षात ठेवा, अंधारात फोनचा कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो आणि डाग आहे त्याच्यापेक्षा भयंकर दिसतो, म्हणून एक्सपोजर लॉक करून डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवा, नंतर तंत्रज्ञ स्वतः बघणारच असतो. आवाजावर मात्र एकच उत्तर, सगळ्याच लॅपटॉपला असतो, मर्यादेत आहे. अहो कॉइल सगळ्यांना असतात हे खरं, पण हातभर अंतरावरून शिट्टी ऐकू येणं याला मर्यादेत कसं म्हणायचं? सर्व्हिस सेंटरच्या गडबडीत ऐकूच येत नाही, त्यामुळे घरी शांततेत रेकॉर्डिंग करा, आधी बॅटरीवर मग चार्जरवर, आणि कुठला प्रोग्रॅम चालू आहे ते त्याच क्लिपमध्ये दिसू द्या.

ते म्हणाले पॅनेल बदलून देतो. मी नको म्हटलं. नवं मशीन उघडायचं, त्यात आवाज तसाच राहणार, आणि एकदा दुरुस्ती सुरू झाली की बदलून द्यायला टाळाटाळ होऊ शकते. बदलून द्यायची मुदत अजून बाकी होती म्हणून विक्रेत्याकडे लेखी तक्रार टाकली, त्यात स्क्रीनचा दोष वर लिहिला आणि आवाजाचा खाली, आणि अख्खा लॅपटॉप बदलून मिळाला. म्हणजे आवाजाचा प्रश्न सुटला तो स्क्रीनच्या जोरावर, नुसत्या आवाजावर त्यांनी बदलून दिला असता असं मला वाटत नाही, आणि हे मला पटलेलं नाही.

दुसऱ्या पीसची स्क्रीन स्वच्छ आहे, कोपऱ्यात थोडी चमक आहे पण डोकं हलवलं की जाते. आवाज कीबोर्डला कान लावला तरच येतो. मॉडेलला पाचपैकी चार, तपासणी करून माल पाठवण्याला दोन. हेच मॉडेल घेणार असाल तर बॉक्स, थर्माकोल सगळं जपून ठेवा आणि पहिल्याच रात्री दिवे बंद करून, पंखा-एसी बंद करून तपासा, आधी स्क्रीन मग आवाज, चार्जर लावून आणि काढून.